दाजींचा क्लच

माझ्या बहिणीचा नवरा ओनिसिम याला सगळं येतं. निदान त्याचं स्वतःचं तसं मत आहे, आणि ते मत बदलावं असं त्याला चाळीस वर्षांत एकदाही वाटलेलं नाही. तोंडावर मी त्याला दाजी म्हणते, अहो-जाहो करते, आमच्या आईने तसं वळणच लावलंय. पण इथे कागदावर ते जड जातं. इथे तो नुसता तोच राहील.

आईचं शिलाई मशीन त्याने एकदा दुरुस्त केलं. त्यानंतर ते फक्त उलटं शिवायचं. आई बिचारी कापड उलट्या बाजूने सरकवायला शिकली आणि जावयाला बोल नको म्हणून मरेपर्यंत तशीच शिवत राहिली. शाळेच्या पंपाला त्याने हात लावला त्या उन्हाळ्यात पोरं घरून पाण्याच्या बाटल्या नेत होती. तरी गावात कुणाचं काही बंद पडलं की हा पाठीमागे हात बांधून दारात हजर. खिशातून चहाचा चमचा काढायचा, यंत्रावर टकटक करायची, कान लावायचा, डोळे मिटायचे, आणि मग निकाल द्यायचा: "केबल." ट्रॅक्टर असो, रेडिओ असो, दळणाची चक्की असो, त्याच्या मते या जगात जे जे बिघडतं ते केबलमुळेच बिघडतं.

मुळात हा पिंपवाल्याचा मुलगा. आमच्या स्ट्रिंबेनी गावात ज्याच्या त्याच्या तळघरात याच्या वडिलांच्या हातची लाकडी पिंपं आहेत आणि पन्नास वर्षांत त्यातलं एकही गळलेलं नाही, हे मला मान्य करावं लागतं. ओनिसिम स्वतः सामूहिक शेतीच्या वाइनच्या तळघरावर कामाला होता. पिंपाच्या झाकणाच्या कडेला, फळ्यांच्या फटींना आणि प्रत्येक बुचाला मेंढीची चरबी चोळायची, हे त्याचं काम. ते मात्र त्याला खरोखर येत होतं. माणसाने तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्याने मोटर बसवलेली सायकल घेतली आणि त्या दिवसापासून तो मेकॅनिक झाला.

ती फटफटी अजून आहे. साध्या सायकलच्या सांगाड्यात कोबीच्या गड्ड्याएवढं इंजिन, त्यावर पेट्रोलची टाकी, मागे कॅरियर. पॅडल मारून वेग घ्यायचा, डाव्या हाताचा क्लच सोडायचा, की इंजिन चाकाला धरतं आणि फटफट सुरू. इंजिन चाकाला धरतं ते क्लचच्या ताटलीत बसवलेल्या बुचाच्या गोळ्यांच्या जोरावर. बूच लोखंडाला घट्ट चिकटून राहतं, म्हणून ते वापरतात. हे मला माहीत असण्याचं कारण म्हणजे मी बारा वर्षं ट्रॅक्टर स्टेशनच्या सुट्या भागांच्या खिडकीवर बसले. असल्या गोळ्या मी कागदी पुड्यांतून शेकड्यांनी दिल्यात, आणि प्रत्येक पुडीवर छापलेलं असायचं: कोरड्या ठेवा.

ओनिसिमने मला यंत्राबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. मी आपणहून काही बोलायला गेले तर म्हणायचा, "अग्लाया, तू खोकी मोजलीस. इंजिनं नाही."

पुढे खिडकी बंद झाली, मी विधवा झाले, आणि आमच्या निम्म्या गावासारखी मीही इटलीत परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला गेले. गेल्या हिवाळ्यात परत आले. येताना त्याच्यासाठी वाइनच्या दोन चांगल्या बाटल्या आणल्या. का आणल्या, ते देव जाणे.

आता डोरिनबद्दल सांगते. डोरिन म्हणजे माझ्या ताईचा, झेनोवियाचा, एकुलता एक मुलगा. तेवीस वर्षांचा असताना मॉस्कोत एका बांधकामावरून पडून गेला. बारा वर्षं झाली. त्याला जायचं नव्हतं. स्वयंपाकघरात मान खाली घालून तो "इथेच बघतो काहीतरी" म्हणत होता आणि बाप "पुरुषासारखा वाग" म्हणून त्याच्यावर ओरडत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दुसऱ्या दिवशी बापाने त्याला याच फटफटीच्या मागे बसवलं, सुटकेस त्याच्या मांडीवर दिली आणि वरच्या रस्त्याला बसपर्यंत सोडलं. पोरगा परत आला तो पेटीतून.

पुरलं त्या दिवशी ओनिसिम दफनभूमीत गेला, तो शेवटचा. ईस्टरनंतर आठवड्याने येणारा सोमवार हा आमच्याकडे मेलेल्यांचा ईस्टर. त्या दिवशी अख्खं गाव टेकडीवर जातं. आपापल्या माणसाच्या थडग्यावर चादर अंथरायची, वेणीचा गोल पाव, लाल अंडी आणि वाइन मांडायची, आणि पाद्री धूप घेऊन येईपर्यंत तिथे उभं राहायचं. पाद्री आला, नाव घेतलं, की मग मेलेल्याच्या नावाने एकमेकांना वाढायचं. ज्या थडग्यापाशी कुणी उभं नसतं तिथे पाद्री थांबत नाही. ओनिसिमला त्या सोमवारी बारा वर्षं काही ना काही होत आलं. कधी दाढ दुखली, कधी पाठ धरली, आणि एकदा तर म्हणे पिंप गळत होतं. त्याचं पिंप, आणि गळत होतं! बापाला बारा वर्षांत पोराच्या थडग्यावर एक मेणबत्ती लावता येत नसेल तर त्याला काय म्हणायचं? मी भेकड म्हणते. ताईसमोरही म्हटलंय.

ताई दरवर्षी एकटीच जायची. गेल्या वर्षी तिचा खुबा गेला. ती पलंगावर, मी इटलीत, आणि नवरा आपला तळघरात. थडगं रिकामं राहिलं आणि पाद्री पुढे निघून गेला.

"पोरगं शेजारच्यांचं जेवण बघत बसलं असेल," ताई मला फोनवर म्हणाली होती. वर्षभरात हे वाक्य तिने मला दहा वेळा तरी ऐकवलं. म्हणून यंदा मी आधीच ठरवून टाकलं होतं की काहीही झालं तरी ताईला पाद्रीच्या आधी थडग्यापाशी पोचवायचं. शेजारच्या इलारियोनकडे गाडी आहे, त्याला सांगूनही ठेवलं.

ईस्टरच्या दिवशी जेवताना मी विषय काढला. "पुढच्या सोमवारी सकाळी इलारियोन गाडी काढतोय. ताईला पुढे बसवू, खाली उशी देऊ."

ओनिसिमने काटा खाली ठेवला. "कुणाच्या ताईला?"

"माझ्या."

"तुझी ताई माझी बायको आहे. ती इलारियोनच्या गाडीत कशाला बसेल?"

"कारण तिचा खुबा गेलाय, दाजी, आणि टेकडी अजून सपाट झालेली नाही."

"मी नेईन. फटफटीवर."

ताई लाल अंडं सोलत होती, तिचे हात थांबले. "तू येशील, ओनिसिम?"

"फाटकापर्यंत."

"आणि आत?"

"फाटकापर्यंत म्हटलं ना. तिथे सोडीन आणि खाली येईन. मला काम आहे."

मी नाकातून हसले. त्याने ऐकलं आणि पाव मोडायला घेतला. ताई मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "इलारियोनला नको म्हणून सांग." तेव्हा मला तिचाही राग आला. चाळीस वर्षं एका माणसाच्या शेखीखाली राहिलं की बाईचा कणा असा होतो, असं माझ्या मनात आलं.

मंगळवारी त्याने फटफटी बाहेर काढली आणि ती गल्लीच्या टोकाला जाऊन थांबली. इंजिन बोंबलत होतं, चाक ढिम्म. क्लच घसरत होता. केबल त्याने लगेच सैल केली, अर्थातच. फरक पडला नाही. मग कधी नव्हे तो त्याने क्लचचं झाकण उघडलं. आतल्या बुचाच्या गोळ्या झिजून पापडासारख्या झाल्या होत्या. नव्या करायला बूच हवं, आणि आमच्या गावात वाइन पिंपात असते, बाटलीत नाही, आणि पिंपांना बुचं लाकडाची. तेव्हा या गृहस्थाने माझ्या इटालियन बाटल्या उघडल्या, वाइन घरच्या वाइनच्या घागरीत ओतून दिली आणि बुचं घेऊन निघून गेला.

"दाजी, ती वाइन होती," मी म्हणाले.

"आंबट होती," तो म्हणाला.

बुधवारी दिवसभर तो शेडमध्ये बसून गोळ्या कापत होता. संध्याकाळी गोळ्या बसल्या. गुरुवारी सकाळी त्याने आम्हा दोघींना अंगणात उभं केलं आणि फटफटीचं पुढचं चाक अक्रोडाच्या बुंध्याला टेकवलं. "बघा. इंजिन चालू, क्लच सोडला. पुढे जायला जागा नाही. घसरत असेल तर इंजिन बोंबलत राहील. धरत असेल तर बंद पडेल." त्याने क्लच सोडला. इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. "बघितलंत!" तो म्हणाला, आणि अक्रोडाकडेही असं पाहिलं की त्यानेही मान डोलवावी. ही परीक्षा बरोबर असते, मला नाकारता येत नाही. त्याला ती कुणी शिकवली कुणास ठाऊक.

मग तो टेकडीवर चाचणीला गेला आणि दहा मिनिटांत ढकलत परत आला. निम्म्या चढावर क्रूस उभारलेली विहीर आहे, तिथे क्लच घसरला होता. घरी आणून पुन्हा अक्रोडाला लावली, तर इंजिन मुकाट बंद पडलं. म्हणजे क्लच ठीक. पुन्हा टेकडी, पुन्हा विहीर, पुन्हा घसरला. अंगणात शहाणी आणि चढावर खुळी, असं त्याचं दिवसभर चाललं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तर ठरवूनच टाकलं की क्रूसापाशी गाडी थांबते म्हणजे देवाचं काहीतरी म्हणणं आहे, आणि जाता-येता त्या छातीवर क्रूस करू लागल्या.

इलारियोन कुंपणावरून ओरडला, "ख्रिस्त उठला, ओनिसिम! फटफटी कधी उठतेय?"

"खरोखर उठला," ओनिसिम म्हणाला. ईस्टरच्या दिवसांत नमस्कार असाच असतो, तेवढं उत्तर तर द्यावंच लागतं. "केबल बघतोय."

"बैल देऊ का पुढे जुंपायला?"

"तुझी गाडी संभाळ. पुढच्या महिन्यात केबलसाठी माझ्याकडेच येशील."

शुक्रवारी मी विहिरीवर पाणी काढत होते, तेव्हा तो चढ चढून आला. माझ्या डोळ्यांदेखत इंजिन किंचाळायला लागलं, फटफटी मंदावली आणि उभी राहिली. तो उतरला, चमचा काढला, टकटक केली, कान लावला. आणि मला वास आला. ईस्टरला भट्टीत मेंढीची मांडी भाजताना येतो तसा, जळक्या चरबीचा.

सगळं एका क्षणात समजलं. पिंपवाल्याचा मुलगा! बूच कुठेही बसवायचं तर आधी त्याला चरबी चोळायची, हे याच्या हाडात मुरलंय. पिंपात ती गळती थांबवते. क्लचमध्ये थंड असेपर्यंत घट्ट राहते, म्हणून अंगणातल्या अक्रोडापाशी सगळं छान. निम्म्या चढावर इंजिन तापलं की वितळते, आणि मग बूच लोखंडावरून साबणासारखं सरकतं. गोळ्या काढून पेट्रोलने धुवायच्या, वाळवायच्या, परत बसवायच्या. अर्ध्या तासाचं काम. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या माणसाने ही चूक केली नसती. ज्याने क्लचच्या बुचाला पिंपाच्या बुचासारखं माखून ठेवलं तो हा एकटाच.

"काय झालं, दाजी?" मी विचारलं.

"तू पाणी काढ," तो म्हणाला.

मी पाणी काढलं. सांगायचं म्हटलं तर एक वाक्य होतं, पण मी ते गिळलं. मला वाटलं, रविवारपर्यंत हात टेकेल, नाक मुठीत धरून इलारियोनकडे जाईल, आणि ताई गाडीत बसून सुखाने वर जाईल. एकदा तरी याला तोंडघशी पडताना बघायचं होतं मला. खोटं कशाला बोलू, मला ते फार बघायचं होतं.

शनिवारी त्याने क्लचचा मधला नट अर्धा आटा आवळला. मग स्प्रिंगखाली वायसर घातला, मग दुसरा. क्लचचा दांडा इतका कडक झाला की दाबताना त्याच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. मग त्याने ताईचं वजन विचारलं आणि तेवढ्या वजनाचा मका दोन पोत्यांत भरून कॅरियरवर बांधला. मक्याची दोन पोती घेऊन हा प्राणी गावातून गेला आणि दोन पोती घेऊन ढकलत परत आला. इलारियोनने कुंपणावरून टोपी काढून मक्याला सलाम केला.

रविवारी त्याने पिंपाची एक जुनी फळी तासून ताईला पाय ठेवायला पाटी केली. गुळगुळीत, कडा गोल केलेली, कॅरियरला दोन बोल्टांनी घट्ट बसवलेली. आठवड्यात त्याने नीट केलेली तेवढी एकच गोष्ट.

"दाजी, उद्याचं काय?" मी संध्याकाळी विचारलं.

"उद्याचं ठरलंय."

"विहिरीपाशी थांबली तर?"

"नाही थांबणार. केबल बदललीय."

मी ताईकडे पाहिलं. ती त्याची विजार तारेवर वाळत घालत होती. तिने विजारीचा डावा पाय नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला, आणि चिमटा लावला.

सोमवारी सकाळी ताई उशीवर एका अंगाने बसली, पाय फळीवर, डोक्याला काळा रुमाल, हात त्याच्या कमरेला. ते निघाले. पंधरा मिनिटांनी मी इलारियोनच्या गाडीत बसून निघाले. विहिरीपाशी दोघं होतेच. इंजिन बंद. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला. ताई अजून कॅरियरवरच, आणि तो हॅन्डल धरून फटफटी वर ढकलत होता. मागून दुसऱ्या गाड्या येत होत्या, हॉर्न वाजवत होत्या, कुणीतरी काच खाली करून हसत होतं. वर घंटा सुरू झाली होती. म्हणजे पाद्रीने खालच्या रांगेपासून सुरुवात केली होती.

इलारियोनने गाडी थांबवली. मी दार उघडलं. "ताई, चल. पुरे झालं हे."

"तुम्ही व्हा पुढे," ताई म्हणाली. "टोपली घेऊन जा, अग्ला. तू उभी राहा तिथे, रिकामं नको राहायला."

"ताई, अगं पाद्री निघालाय!"

"जा म्हटलं ना."

ओनिसिमपाशी बोलायला श्वासच नव्हता. एकाहत्तर वर्षांचा माणूस, जांभळा पडलेला. मी दार आपटलं. वर जाईपर्यंत मी इलारियोनला ऐकवत होते की गर्वापायी एक माणूस आपल्या बायकोला तिच्या पोरापाशी वेळेवर पोचू देत नाही, आणि ती त्याचीच री ओढते. इलारियोन म्हणाला, "मला कशाला सांगतेस? मी बैल देत होतो."

डोरिनचं थडगं वरच्या कुंपणाकडे, शेवटून दुसऱ्या रांगेत. मी चादर अंथरली, पाव मांडला, त्यात मेणबत्ती खोचली, अंडी ठेवली. सगळीकडे माणसं होती, "ख्रिस्त उठला" आणि "खरोखर उठला" चाललं होतं, आणि पाद्री एकेक रांग करत वर येत होता. तिथून चढ दिसतो. काळा रुमाल आणि त्याच्यापुढे वाकलेली पाठ मुंगीच्या चालीने वर येत होती. दर वीस पावलांवर थांबायची. पाद्री आमच्यापासून चार रांगांवर आला तेव्हा ते फाटकापाशी पोचले.

तिथे ओनिसिम उभा राहिला. मला तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पण ऐकायची गरजही नव्हती. फाटकापर्यंत म्हटलं होतं. आता हा तिला उतरवणार आणि खाली पळणार. ताई उतरली नाही. तिने फक्त हाताने वर, थडग्यांमधल्या चढाच्या वाटेकडे दाखवलं. त्या वाटेवर खुबा गेलेली बाई दोन पावलंही टाकू शकली नसती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो हॅन्डल सोडू शकत नव्हता, सोडलं की ती पडणार. त्याने एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने फटफटी आत ढकलली.

लोकांनी वाट दिली. कुणी हसलं नाही. पाद्री आमच्या रांगेच्या टोकाला आला तेव्हा ती दोघं थडग्यापाशी पोचली. मी ताईला धरून उतरवलं. तो मात्र हॅन्डल दोन्ही हातांनी धरून तसाच, क्रूसावरच्या फोटोकडे न बघता, टाकीकडे बघत.

पाद्रीने धूप फिरवला. डोरिनचं नाव घेतलं. मग थांबला आणि हळूच म्हणाला, "ओनिसिम, हात मोकळे कर."

त्याने हॅन्डल सोडलं. फटफटी आडवी पडली, टाकीचं झाकण उडालं, पेट्रोल गवतात गेलं. त्याने ती उचलली नाही. छातीवर क्रूस केला, एकदा, दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा हात वर गेला तो खाली येईचना. मग तो गवतातच बसला. ताईने पावाचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "डोरिनच्या नावाने," ती म्हणाली. तो खाऊ लागला.

पाद्री पुढे गेला. मी ताईजवळ सरकले. पोटात इतके दिवस साठवलेलं आता ऐकवायचंच होतं मला. "ताई, ती केबल नव्हती. स्प्रिंगही नव्हती. त्याने बुचांना चरबी चोळलीय. मला शुक्रवारीच वास आला होता."

"मला बुधवारीच माहीत होतं," ताई म्हणाली. "चरबी मीच वितळवून दिली. आणि गुरुवारपासून त्याच्या विजारीला वास येतोय."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी दूध उतू घालवल्यावर पाहायची. "चालली असती तर फाटकात सोडून गेला असता ना तो." तिने अंड्याचं टरफल सोलून रुमालात टाकलं. "गाडीत बसले असते तर मी वर आले असते. तो नसता आला." आणि मग, काहीच विशेष नसल्यासारखं, "तू का नाही सांगितलंस?"

माझ्यापाशी उत्तर होतं. ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. मी वाइन ओतायला घेतली आणि थोडी चादरीवर सांडली.

शेजारच्यांनी आम्हाला भरलेली मिरची दिली, आम्ही त्यांना पाव दिला. ओनिसिमने शेवटी डोळे पुसले, उठला, फटफटी उभी केली. खिशातून चमचा काढला. इंजिनावर टकटक केली, कान लावला, पण निकाल काही दिला नाही. चमचा हातात घेऊन तो माझ्याकडे वळला.

"अग्लाया."

"काय, दाजी?"

"तू त्या खिडकीवर होतीस इतकी वर्षं. तुला काय वाटतं, काय असेल?"

या प्रश्नाची मी चाळीस वर्षं वाट बघितली होती. ताईने टरफलं गोळा करायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"केबलच असेल, दाजी," मी म्हणाले.